हजाराचा काटा

काटेवहिनीच्या दिराच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं आणि जावई सासऱ्याच्याच घरी राहायला आला, त्या वर्षीची ही गोष्ट. आळीत बारा घरं. बाराही घरं वीज संस्थेची सभासद. संस्था सभासदांचीच, म्हणून मीटर वाचायला पगारी माणूस ठेवलेला नव्हता. प्रत्येक आळीने आपल्यातला एक जण निवडायचा, त्याने दर महिन्याच्या पंचवीस तारखेला घरोघर जाऊन आकडे वहीत उतरवायचे, घरच्या कर्त्याने आकड्यापुढे सही करायची आणि वही संस्थेच्या कचेरीत पोचती करायची. तिथला कारकून मागचा आकडा नव्या आकड्यातून वजा करून बिल काढायचा. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, संस्थेचा माणूस येऊन सगळे मीटर पडताळायचा. एवढीच काय ती तपासणी.

या आळीची वही होती दिराच्या थोरल्या भावजयीकडे. तिला सगळे काटेवहिनी म्हणत. म्हाताऱ्यांनी वहिनी म्हणणं ठीक, पण शाळकरी पोरंसुद्धा काटेवहिनीच म्हणायची. मीटर जुने होते. आत घड्याळासारख्या चार छोट्या तबकड्या, प्रत्येकीत एक काटा. पहिली तबकडी हजारांची, मग शेकड्यांची, मग दहांची, शेवटची एककाची. त्यातही खोडी अशी, की एका तबकडीचा काटा सरळ फिरायचा आणि तिच्या शेजारणीचा उलटा. भल्याभल्यांना ते वाचता येत नसे. आळीतल्या मास्तरांनी एकदा प्रयत्न केला आणि चष्मा पुसत, ही भानगड वहिनींनाच लखलाभ, म्हणून निघून गेले.

काटेवहिनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकली होती. नवरा गेल्यावर दुपारच्या वर्गाला जाऊ लागली तेव्हा बायका हसल्या. दीर हसला नाही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा दीर दहा वर्षांचा होता. आई नसलेलं पोर, त्याची ताटली तिने वाढली होती आणि तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. पुढे दोन घरं झाली तरी मधल्या भिंतीतलं दार कधी लावलं गेलं नाही. आळीच्या बैठकीत वही कोणाकडे द्यायची असा प्रश्न निघाला तेव्हा दिरानेच उठून सांगितलं होतं, वही वहिनींकडे. आणि आपल्या घरच्या आकड्यापुढे तो न बघताच सही ठोकायचा.

दीर सुतार. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. संस्था निघाली तेव्हा याने खांब खांद्यावरून वाहिले होते, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. जावई वेल्डर, बाजाराच्या गावी एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्याचं स्वतःचं जुनं वेल्डिंगचं मशीन होतं, ते त्याने सासऱ्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवलं. घरगुती जोडणीवर वेल्डिंग चालवायला संस्थेची बंदी होती. दिराने पहिल्याच दिवशी ते बजावलं. जावयाने मान डोलावली. पोरगा कमी बोलणारा, पण मनमिळाऊ. काटेवहिनीच्या चुलीचा तुटलेला पाय त्याने न सांगता जोडून आणून दिला होता.

त्या महिन्याच्या पंचवीस तारखेला ती दिराच्या पडवीत स्टुलावर चढली तेव्हा जावई घरीच होता. जवळ येऊन म्हणाला, मोठ्या आई, मला वाचून दाखवा की, हे कसं वाचतात ते.

आता मीटर वाचायची रीत अशी, की उजवीकडून सुरू करायचं. आधी एकक, मग दहा, मग शेकडा, सगळ्यांत शेवटी हजार. कारण काटा एखाद्या आकड्यावर बसल्यासारखा दिसला तरी तो तिथे पोचलाय की नाही, हे उजवीकडची तबकडी सांगते. तिने शून्य ओलांडलं नसेल तर अलीकडचा आकडा धरायचा. काटेवहिनीला हे झोपेतही आलं असतं. पण त्या दिवशी समोर नवा जावई उभा, कौतुकाने बघतोय. तिने पेपर वाचावा तसं, डावीकडून, एका दमात वाचलं: सात, नऊ, सहा, दोन. जावई म्हणाला, भारीच. तिने सात हजार नऊशे बासष्ट लिहिलं. दिराने सही केली.

मागच्या महिन्याचा आकडा सहा हजार सातशे अठ्ठ्याऐंशी होता.

बिल आलं ते नेहमीच्या दसपट. संस्थेचा दर चढता, पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग, त्यापुढचे त्याहून महाग. दिराने कागद दोनदा उलटापालटा केला. एका महिन्यात अकराशे चौऱ्याहत्तर युनिट. मग त्याने शेडकडे पाहिलं. तो दुपारी दोन तास झोपायचा आणि जावयाची आठवड्यातली एक दुपार सुटीची असायची. त्याच्या डोक्यात सगळं आपोआप जुळलं.

जावयाने शपथा घेतल्या नाहीत. गोणपाट काढून धूळ दाखवली. धूळ काय, परत टाकता येते, असं दीर म्हणाला. तेव्हा जावई म्हणाला, मीटर वाचण्यात चूक झाली असेल. इथे ठिणगी पडली. वहिनींच्या हातचा आकडा चुकत नाही, दीर म्हणाला, आणि मधल्या दारातून तिला हाक मारली.

काटेवहिनी आली. हात ओले होते, ते पदराला पुसले. तिघं मीटरपाशी उभी राहिली, पुतणी चौकटीत. तिने मान वर करून फक्त पहिला काटा पाहिला. काटा सातावर होता.

"सात आहे. बघा की. मी नीट पाहिलं होतं."

बाकीच्या तीन काट्यांकडे तिने पाहिलं नाही. तिची वही कोणी कधी तपासली नव्हती, आणि कालच्या पोराने तपासावी हे तिला झोंबलं होतं. पाहिलं असतं तर शेकड्याचा काटा नुकताच शून्य ओलांडून उभा असलेला दिसला असता, म्हणजे सात हजार आत्ता कुठे लागले होते. तिने पाठ फिरवली.

चार दिवसांनी जावई बायकोला घेऊन बाजाराच्या गावी भाड्याच्या खोलीत राहायला गेला. मशीन हातगाडीवर घालून नेलं. पुतणी जाताना काटेवहिनीच्या पाया पडली, बापाच्या नाही.

पुढच्या पंचवीस तारखेला ती पुन्हा स्टुलावर चढली. घरात शांतता. दीर बाहेर रंधा मारत होता. तिने उजवीकडून वाचलं. एक. दोन. एक. सात. सात हजार एकशे एकवीस. वहीत मागच्या महिन्याचे सात हजार नऊशे बासष्ट. मीटर मागे कसा जाईल? त्या दिवशी शेकड्याचा काटा नवाच्या पुढे होता. शून्य ओलांडलं नव्हतं. हजाराचा काटा सातावर दिसत होता, पण होता सहाच. सहा हजार नऊशे बासष्ट. खरा वापर एकशे चौऱ्याहत्तर युनिटांचा, दर महिन्यासारखाच.

बाहेर रंधा चालूच होता. भुशाचा वास पडवीत येत होता. हाक मारायची म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की आळीतले सगळे जमतील, मास्तर चष्मा पुसतील, आणि ज्या बायका तेव्हा हसल्या होत्या त्या पुन्हा हसतील. तिने पेन्सिल ओली केली आणि लिहिलं: आठ हजार एकशे एकवीस. हजाराची चूक तशीच पुढे नेली. आता वजाबाकी एकशे एकोणसाठ येणार, कोणाच्या नजरेत येणार नव्हती.

बिल आलं तेव्हा दीर ते घेऊन स्वतः तिच्या दारात आला.

"बघा वहिनी. तो गेला आणि बिल जागेवर आलं. अजून काय पुरावा पाहिजे?"

तिने फक्त आपली चूक झाकायचं ठरवलं होतं. पण तिच्या नव्या आकड्यानेच पोराला चोर ठरवलं होतं, हे तिला दारात उभ्या उभ्या कळलं.

असे तीन महिने गेले. तीन वेळा तिने हजार वाढवून लिहिलं. उन्हाळ्यात पडताळणीला माणूस येईल, त्याला सापडेल, कचेरीची चूक म्हणून खपेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. दीर जेवायला तिच्याकडे यायचा, दोन घास खायचा आणि ताटली सरकवायचा. छातीत दुखतं, म्हणायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की, सुताराला डॉक्टर काय करणार, ठोकून बसवेल का, असं काहीतरी बोलून उठायचा.

मग पुतणीचा निरोप आला. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणाला बापाच्या घरी यायचं होतं, नवऱ्यासह. दिराला सहीपुरतंच लिहिता यायचं. तो कागद घेऊन काटेवहिनीकडे आला, समोर बसला आणि सांगू लागला. लिहा, तू ये. तुझी खोली तशीच आहे. तिने लिहिलं. पुढे लिहा, त्याने यायचं नाही. या घरात चोराला जागा नाही.

पेन्सिल थांबली. दिराला वाटलं, शब्द अडला असेल. त्याने सावकाश पुन्हा सांगितलं, चोराला.

"भाऊजी, चोर नाही तो. मी चुकीचं वाचलं होतं."

मग ती थांबली नाही. डावीकडून वाचलेलं, न पाहता पाठ फिरवलेली, तीन वेळा वाढवलेला हजार, सगळं सांगितलं. दीर ऐकत राहिला. मग उठला, मधल्या दारातून पडवीत गेला आणि स्वतः स्टूल ओढलं.

"दाखवा."

तिने दाखवलं. उजवीकडून एकेक काटा, कुठला सरळ, कुठला उलटा. त्याने बोट काचेवर ठेवून प्रत्येक काटा स्वतः वाचला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. सात हजार चारशे त्रेचाळीस. तिच्या वहीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा हजाराच्या आसपास कमी.

"चूक एका सकाळची होती," तो म्हणाला. "ती कोणाचीही होते. सहीही माझीच आहे, न बघता केलेली. पण वहिनी, तीन महिने?"

तो तिला कधी असं बोलला नव्हता, आणि आवाज चढवला असता तर बरं, असं तिला वाटलं.

नवं पत्र त्याने सांगितलं नाही. तुम्हीच लिहा, म्हणाला, तुमच्या नावाने, जसं झालं तसं. त्या पाच ओळींना तिला अख्खी दुपार लागली. दुसऱ्या दिवशी तिने वही कचेरीत नेऊन कारकुनाला सगळं सांगितलं. त्याने हजार युनिट दिराच्या नावे वळते केले आणि सहा महिने बिल येणार नाही असं सांगितलं. वही तिने परत आणली नाही. पुढच्या महिन्यापासून मास्तर चष्मा पुसत पुसत शिकले.

पुतणी पत्र वाचून आली. एकटीच, एका दिवसापुरती. बापाजवळ बसली, त्याचे पाय दाबले. नवऱ्याने तिच्याजवळ निरोप दिला होता, राग नाही, पण त्या छपराखाली मला झोप यायची नाही. बाळंतपण भाड्याच्या खोलीतच झालं. मुलगा झाला. दीर दोनदा जाऊन बघून आला. जावयाने दोन्ही वेळा चहा केला, खुर्ची पुढे सरकवली, आणि सासऱ्याशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलला नाही. काटेवहिनी एकदाही गेली नाही. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि जाऊ नको असंही कोणी म्हणालं नव्हतं. दीर तिच्याकडे जेवायला येत राहिला, मधलं दार उघडंच राहिलं, पण हाक मारण्याआधी तो आता दार वाजवू लागला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला, बुधवारी सकाळी साडेसातला, शेडमध्ये करवत हातात असतानाच छातीत कळ येऊन दीर वारला. वय छप्पन्न.