पिकप डिझेलची झाली

"मेली परत बंद पडली. ह्या इंजिनात आता काही राम राहिला नाही," हरिहरराव स्टिअरिंगवर ओणवे होऊन स्वतःशीच पुटपुटले.

शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या उल्काताईंना ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्यांना इंजिनही ऐकू येत होतं. ते बंद बिलकूल पडलं नव्हतं. गुणी बाळासारखं आपलं हळू आवाजात चाललं होतं. उल्काताईंनी दातावर दात धरले, कारण आता पुढे काय होणार ते ठरलेलं होतं. हरिहररावांनी स्टार्टर मारला. चालत्या इंजिनावर स्टार्टर बसला की पाट्यावर खडे वाटल्यासारखा जो आवाज होतो, तो झाला. रस्त्यापलीकडच्या पानवाल्याने दचकून मान वर केली, गाडी कुणाची ते पाहिलं आणि पुन्हा चुना लावायला लागला.

"लागली," हरिहरराव समाधानाने म्हणाले.

"हो," उल्काताई म्हणाल्या. "लागली."

गाडी जुनी पेट्रोलची पिकप होती. पुढे जीपसारखं नाक, मागे आंब्याच्या पेट्या मावतील एवढा हौदा. हरिहररावांनी ती उमेदीत घेतली होती आणि तेव्हा तिचं मोठं कौतुक होतं ते तिच्या गुपचूप चालण्याचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठली झडप कुरकुरतेय ते सांगायचे. ते राहत त्या मांडवीतली अर्धी स्कूटरवाली मंडळी त्यांच्याकडे गाडी "ऐकवायला" आणायची.

ते सगळं कधी थांबलं हे उल्काताईंना नीटसं सांगता आलं नसतं. एका दिवसात थांबलं असतं तर लक्षात तरी आलं असतं. आधी दूधवाल्याची हाक गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोनची घंटी. प्रत्येक वेळी कारण हाताशी होतंच. घर समुद्राला लागून, त्यामुळे समुद्राचा आवाज. समुद्र शांत असला तर वारा. पुण्याहून लेक अपूर्वा फोन करायची आणि दोन वाक्यांत म्हणायची, "बाबा, लाइन खराब आहे, आईला द्या." हरिहररावही लगेच रिसीव्हर पुढे करायचे. "ह्या टेलिफोनवाल्यांना काही कामं नकोत," असं वर म्हणायचे.

खरा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, कारण त्या घरात तो शब्द आधी एकदा राहून गेला होता. हरिहररावांच्या वडिलांना उतारवयात ऐकू येईनासं झालं. वाडीतली पोरं त्यांच्यापुढे उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि म्हातारा "अं? अं?" करायला लागला की पळून जायची. घराचं नावच "बहिऱ्यांकडे" पडलं. उल्काताई सून होऊन आल्या तेव्हा वाटेत टांगेवाल्यानेही तोच पत्ता विचारला होता. "बहिऱ्यांकडे ना?" शेजारी बसलेला नवरामुलगा तेव्हा असा काही लाल झाला होता की उल्काताईंनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, हा शब्द आपल्या तोंडून कधी जाणार नाही.

शब्द नाही, तर मग दुसरं काहीतरी करावं लागतं. त्या त्यांचे कान झाल्या. गाडीत बसल्या की उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर. मागून हॉर्न आला की एक टिचकी, थांबायचं असलं की घट्ट दाबायचं. हे कधी ठरवलं नव्हतं. पाहणाऱ्याला वाटे, या वयातही काय प्रेम आहे! प्रेम होतंच. पण प्रेमाला भाजी निवडायची असते, दुपारी जरा आडवं व्हायचं असतं. बँकेत, बाजारात, आंब्याच्या बागेत, गाडी निघाली की उल्काताई निघाल्याच. घरी परत आल्या की कान नुसते ठणकत, सतत मागे लावून ठेवल्यामुळे.

म्हणून हरिहररावांनी जेव्हा जाहीर केलं, "पेट्रोल परवडत नाही. हे इंजिन सारखं बंद पडतं. आता डिझेल बसवायचं," तेव्हा उल्काताईंना एवढंच वाटलं, की आणखी एक कारण सापडलं. समुद्र झाला, वारा झाला, आता इंजिन.

आत्माराम मिस्त्रीने जुनं इंजिन उतरवलं. हरिहरराव चहाला गेलेले पाहून तो उल्काताईंजवळ आला.

"वयनी, इंजिनात काय पन नाय. स्टार्टरचे दात तेवढे खाल्लेत पार. हे बंद पडन्यामुळं नाय होत."

"मग कशामुळे होतं?" उल्काताईंनी विचारलं, न विचारणं बरं दिसलं नसतं म्हणून.

आत्मारामने हातातल्या फडक्याने बोटं पुसली, मग तीच बोटं पुन्हा पुसली. "असंच. वापरून वापरून." मग म्हणाला, "भाऊंच्या मनात डिझेल हाय ना? मग बसवतो."

"बसव बाबा."

इंजिन कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आलं, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, आंबा घाट उतरून. कुठल्याशा मोडीत काढलेल्या मॅटाडोरचं होतं. बसायला मात्र बसेना. पिकपच्या गिअरबॉक्सला डिझेलचं तोंड जुळेना, म्हणून मधे जाड पत्र्याची चकती कापून घातली. वजन इतकं, की गाडीचं नाक जमिनीला लागलं, मग पुढच्या स्प्रिंगच्या कमानीला पाटे वाढवले. रेडिएटर पुढे सरकवला, बॉनेट खालून कापलं. हरिहरराव सबंध दिवस गॅरेजात स्टुलावर बसून असत. आत्माराम काहीबाही सांगे, ते मान हलवत. हल्ली ते सगळ्यालाच मान हलवत.

ते दिवस उल्काताईंना सुट्टीचे गेले. बागेत जायला त्या एसटीने निघायच्या. खिडकीपाशी बसायच्या, हॉर्न वाजायचा, वाजू दे. तो ड्रायव्हरचा हॉर्न, ड्रायव्हरचे कान. एकदा तर अशी डुलकी लागली, की बागेचा थांबा मागे गेला आणि कंडक्टरने पुढच्या गावात उठवलं. उन्हातून मागे चालत येताना त्यांना राग येण्याऐवजी हसूच आलं. किती दिवसांनी झोपले, असं वाटलं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्या गॅरेजात होत्या. आत्मारामने हीटर तापू दिला, स्टार्टर मारला, आणि जो काय दणदणाट सुरू झाला म्हणता! फळीवरचे लोखंडी पाने नाचायला लागले. काळा धूर निघून बाहेर वाळत घातलेल्या कुणाच्याशा चादरीवर गेला. उल्काताईंनी कानांवर हात ठेवले. हरिहररावांनी मात्र मडगार्डवर तळवा ठेवला. तिथून थरथर त्यांच्या दंडापर्यंत चढलेली दिसली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की ते पुन्हा डोळे मिटून स्क्रूड्रायव्हर लावणारे हरिहर झाले.

"आता कळतं," ते म्हणाले.

आपण मोठ्याने बोललो हे त्यांच्या गावीही नसावं. पण उल्काताईंनी तो शब्द पकडला. कळतं. म्हणजे आतापर्यंत कळत नव्हतं. म्हणजे पेट्रोल-बिट्रोल सगळं बाजूला. यांना ठाऊक आहे. सगळ्यांत आधी त्यांनाच ठाऊक आहे, आणि ते एकट्याने ते सगळ्यांपासून सांभाळताहेत.

आत्माराम हरिहररावांच्या तोंडासमोर येऊन ओरडला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा! चावी फिरवून ही बंद व्हायची नाय! हा स्टॉपर ओढायचा! हा!" त्याने डॅशबोर्डखालची मूठ ओढून दाखवली. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. हरिहररावांनी मान हलवली.

हंगामाच्या पहिल्या तोडणीला गाडी बागेकडे निघाली. भाट्याचा पूल ओलांडून चढ लागला आणि उल्काताईंच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच ऐकू येत नाहीये. दार थरथरत होतं, काच थरथरत होती, दात थरथरत होते. सवयीने हात गुडघ्यावर होता, पण हाताला सांगायला काही नव्हतं. वळणावर एक एसटी त्यांना अगदी चाटून पुढे गेली. तिच्या मागच्या खिडकीतून एक माणूस हातवारे करून शिव्या देत होता, म्हणजे हॉर्न कधीचा वाजत असणार. बाहेरचा आरसा आत वळून बसला होता.

"कशी ओढते बघ!" हरिहरराव खुशीत ओरडले.

उल्काताईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. आजवर दोघांत मिळून दोन कान तरी होते. आता एकही उरला नव्हता. उद्यापासून ह्याच रस्त्याने, पेट्या भरून, रोज. त्यांना भीतीसुद्धा थकल्यासारखी वाटली, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

बागेत गोदा कुंकवाची वाटी आणि नारळ घेऊन उभी होती. तिची हयात ह्याच बागेत गेली होती. तिच्यामागे आंबे उतरवायला आलेले चार गडी. गाडी कातळावर थांबली. हरिहररावांनी ब्रेक ओढला, इतक्या वर्षांच्या सवयीने चावी फिरवली, चावी काढून खिशात टाकली आणि वाटभरच्या हादऱ्यांनी मुंग्या आलेल्या अंगाने खाली उतरले.

इंजिन चालूच होतं. दणदणत होतं. गोदाने बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं, नारळ टेकवला, तर नारळ तुरुतुरु पुढे सरकायला लागला.

हरिहरराव गाडीकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बघितलंस गोदे? ओढायला हत्ती. आणि बंद केली की बघ कशी गप!"

गडी एकमेकांकडे बघायला लागले. एकाने हसू दाबायला टॉवेल तोंडाशी नेला. गोदाने उल्काताईंकडे पाहिलं. उल्काताईंनी तिच्याकडे पाहिलं.

"काय गो? तोंडं का शिवलीत सगळ्यांची?" हरिहररावांनी विचारलं.

गोदा घसा ताणून ओरडली, "काकानू, वारा लय हाय ना आज!"

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"हो ना, वारा आहेच," हरिहरराव घाईने म्हणाले. ते इतक्या घाईने म्हणाले, की उल्काताईंना रडू कोसळायचं तेवढं राहिलं. घरातलं खोटं आता बागेपर्यंत पोचलं होतं. उद्या ते गड्यांच्या वाड्यांत पोचेल, आणि पोरं ओठ हलवायला लागतील.

तेवढ्यात नारळ बॉनेटवरून गडगडला आणि हरिहररावांच्या टाचेमागे कातळावर फुटला. पाणी त्यांच्या चपलेवर उडालं. ओल लागली तसं त्यांनी खाली पाहिलं. फुटलेला नारळ पाहिला, समोरचे चेहरे पाहिले, पण मागे वळण्याचा त्यांना धीर होईना.

उल्काताई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, चारचौघांत, आणि बॉनेटवर नेऊन ठेवला. थरथर तळव्यातून चढली. हरिहररावांचा दुसरा हात खिशातल्या चावीवर गेला आणि तिथेच राहिला.

त्यांचा हात तसाच ठेवून उल्काताईंनी खिडकीतून आत वाकून स्टॉपर ओढला. दोन आचके, आणि पत्रा हाताखाली निपचित पडला. बागेत कुठेतरी खारीचं चिर्र चिर्र चाललं होतं, ते ऐकू यायला लागलं. गड्यांना, गोदाला, उल्काताईंना.

त्या वळून नवऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, त्यांना आपले ओठ नीट दिसतील अशा. आवाज चढवला नाही.

"अहो, वारा नाही आणि समुद्रही नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."