कवळीतली कीड

"पडली! आणखी एक पडली!"

परातीभोवती उकिडवी बसलेली माणसं एकदम पुढं झुकली. पाण्यात पांढरं, वाकडं, खसखशीपेक्षा थोडं मोठं असं काहीतरी तरंगत होतं. हरिबाबानं ते काडीच्या टोकावर उचललं आणि सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवलं.

"बघा मायबाप! दाढेत बिऱ्हाड करून बसली व्हती. लेकरंबाळं घिऊन भाईर आली का न्हाय? ना सुई, ना मशीन, ना रगताचा थेंब! नुसता गुरूचा धूर!"

लोकांनी हात जोडले. अळीला एवढा मान मी सोलापुरात पहिल्यांदाच पाहत होते.

मी दातांची डॉक्टर. सात रस्त्याजवळ माझा दवाखाना आहे. तिथून थोड्याच अंतरावर, देवळामागच्या मोकळ्या जागेत, हा हरिबाबा रविवारी ठाण मांडतो. माझ्याकडं दाढ दाखवून गेलेली माणसं मला तिथं रांगेत दिसतात आणि मला पाहून तोंड फिरवतात. याची मला सवय झाली होती. पण त्या दिवशी रांगेत शिवानी होती, आणि तिचा गाल लिंबाएवढा सुजला होता.

शिवानी नऊ वर्षांची. महिन्यापूर्वी तिची आजी शांतम्मा तिला माझ्याकडं घेऊन आली होती. खालच्या दाढेला मोठं भोक पडलं होतं. दाढ वाचण्यासारखी होती, मी तसं सांगितलंही होतं. त्यानंतर आजी-नात दवाखान्याकडं फिरकल्याच नाहीत.

"शांतम्मा, हे काय? पोरीला तापही आहे!"

"तुमी मशीन लावनार म्हनून पोर थरथरत व्हती की ओ डाक्टरीणबाई. बाबांनी धूर दिला, तवा दुकायचं थांबलं बघा. आता परत कीड झालीया, म्हनून आनली." मग मलाच समजावत म्हणाली, "आन् तशी दुदाचीच दाढ हाय. पडंल, नवी यील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच, अगदी हेच मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागं एक दाढ येते. ती यायला आधीचा कोणताच दात पडत नाही, म्हणून सगळे तिला दुधाची समजतात. ती कायमची असते. मी हे शांतम्माला सांगितलं होतं, चित्र काढून दाखवलं होतं. तिनं मान डोलावली होती आणि घरी जाऊन पोरीच्या दाढेत चिमूटभर तंबाखूची मिश्री दाबली होती.

शिवानीला ओढून नेलं असतं, तर पुढच्या रविवारी ती पुन्हा इथंच दिसली असती. शेजारी तिचे आजोबा चन्नवीरअप्पा उभे होते. बायकोपुढं अप्पांचं चालत नाही, पण ते मिस्कील आहेत. मी त्यांच्या कानाशी लागले. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, गालातल्या गालात हसले आणि सरळ परातीपुढं जाऊन बसले.

"बाबा, माजी बी दाढ लई ठणकतीया. आदी माजी काडा."

बाबाची कळी खुलली. परातीतल्या पाण्यात त्यानं विटेचा तुकडा ठेवून त्यावर तापलेली लोखंडी पट्टी ठेवली. तिच्यावर तुपात कालवलेल्या बिया टाकल्या, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घातली आणि भोकातली नळी अप्पांच्या दाढेला लावली. धूर तोंडात शिरला. अप्पा खोकले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा मंत्र पुटपुटत होता. मग त्यानं करवंटी उचलली. पाण्यात अळ्याच अळ्या!

"अबबब! वारूळच व्हतं की! आता कसं वाटतंया, अप्पा?"

"झ्याक वाटतंया," अप्पा म्हणाले. त्यांनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही परातीच्या काठावर ठेवल्या. मग बोळक्या तोंडानं विचारलं, "बाबा, पिलास्टिकला कीड लागती व्हय?"

सगळ्यांच्या माना कवळीकडं वळल्या. मग मागून एक बाई खुदकन हसली.

पण बाबा मुरलेला होता. "दात खोटं असत्याल, हिरडी तर खरी हाय का न्हाय? कीड हिरडीत व्हती!"

आणि लोकांनी माना डोलावल्या! मला वाटलं, आपणच डोकं आपटून घ्यावं.

"ठीक आहे," मी म्हणाले, "आता कुणीच बसू नका." पट्टी पुन्हा तापवायला लावली. बाबाच्याच पुडीतल्या बिया तिच्यावर टाकल्या, करवंटी झाकली आणि नळीचं तोंड मोकळं सोडलं. धूर आभाळाकडं गेला. करवंटी उचलली. परातीत तितक्याच अळ्या.

"ही कीड कुणाच्या दाढेतली? आभाळाच्या?"

मग एक कोरं बी मी पाण्यात भिजवलं आणि नखानं फोडलं. आत वळलेला पांढरा कोंब होता. हरभरा भिजवून सोलला की दिसतो तसाच, फक्त बारीक. "ही भुईरिंगणी. तुमच्या बांधावर काट्यांत वाढते ती. उष्णतेनं बी फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला हा कारभार!"

बाबा गठुडं आवरू लागला. तरीही एकजण म्हणालाच, "पन दुकायचं ऱ्हातं की ओ म्याडम."

"धुरानं आणि शेकानं घटकाभर बधिर होतं. आणि कधी दाढेतली नस मरते, मग दुखणार काय? घरात ओरडणारा गप्प झाला म्हणजे आग विझली का?"

शांतम्मानं शिवानीचा हात धरला आणि माझ्यामागं चालू लागली.

पू काढला, औषधं दिली, सूज उतरली. दाढ मात्र गेली होती. धुरानं दुखायचं थांबलं म्हणून पोरगी महिनाभर त्याच बाजूनं चावत राहिली होती, आणि पोखरलेली दाढ पार मुळापर्यंत चिरली होती. मला ती काढावी लागली.

शांतम्मानं दाढ तळहातावर घेतली, उजेडाकडं धरली आणि भोकात निरखून पाहिलं. "ह्यात किडा कुटं हाय?"

"कुठंच नाही. किडा कधी नसतोच. गोडाचा कण दाताला चिकटून राहतो, डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यावर पोसतात आणि त्यांच्या आंबटपणानं दात विरघळतो. रात्री ब्रश केला असता आणि महिन्यापूर्वी परत आला असता, तर ही दाढ तिच्या तोंडात असती."

मी चिडूनच बोलले. अजूनही चिडलेली आहे. बाबा पुढच्या रविवारी दुसऱ्या पेठेत बसेल, हे मला ठाऊक आहे. त्याला पोसणारं कोण? करवंटी उचलून न बघणारे आपणच! म्हणून सांगते, हात जोडण्याआधी परातीत नीट बघा. मिश्री सोडा. घरातल्या लहानथोर सगळ्यांनी, अगदी कवळीवाल्या आजोबांनीसुद्धा, दुखायची वाट न बघता डॉक्टरला तोंड दाखवा.

शिवानीनं ती दाढ आजीच्या हातातून घेतली आणि कापसात गुंडाळली. "अज्जी, घरी गेल्यावर दुधाच्या दातांसारखी हीपण पत्र्यावर टाकू. मग नवी येईल."

शांतम्मानं माझ्याकडं पाहिलं. हे तिनंच सांगायचं होतं.

"न्हाय गं बाळा," ती म्हणाली, "ही परत येत न्हाय."