भुईच्या वाट्याचं पाणी

मित्रांनो, लातुरातल्या एका जुन्या कचेरीच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवलात, तर एक गंजकं बोंड हाताला लागेल. ते माझं डोकं. मी एक जुनी लोखंडी सळई आहे, मातीत बसवलेला लांब खिळाच म्हणा. बाकीची मी, चार माणसांच्या उंचीएवढी लांब, भिंतीमागच्या मातीत तिरकी रुतलेली आहे. वरची माती खाली घसरू नये म्हणून तिला आतून धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म भट्टीतला. तो मला फारसा आठवत नाही. आठवतो तो ट्रकचा प्रवास आणि उतरल्यावर पाहिलेली भेगाळलेली काळी भुई. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिकडेतिकडे नव्या पाट्या, त्यांवरचा रंग ओला. गावात ओलं असं तेवढंच. पावसाने पाठ फिरवली होती आणि विहिरींचे तळ दिसत होते.

कचेरीसाठी टेकाड कापून खोल खड्डा केला होता. कापलेल्या कडेवर एक वस्ती होती, आणि तिच्या अगदी काठाला चांगुणाबाईचं घर. मागच्या मोठ्या दुष्काळात तिने आणि तिच्या नवऱ्याने, निवृत्तीने, खडी फोडली. त्या मजुरीतून बांधलेलं दोन खणांचं घर. कोनाड्यात बुद्धाची मातीची मूर्ती. काठ टिकला तरच ते घर टिकणार होतं, आणि काठ टिकवायला आम्हा सळयांना आणलं होतं.

हणमंतराव नावाचे इंजिनिअर आमचं अंदाजपत्रक करत होते. त्यांच्या तंबूशेजारीच आमचा ढीग होता. एक सळई बसवायला खर्च किती, हे तिच्या वजनावरून ठरत नाही, मित्रांनो. भोक किती खोल, आत मुरूम लागतो की खडक, यंत्र किती वेळ चालतं, भोकात सिमेंटचा घोळ किती जातो, हे सारं धरावं लागतं. आणि या सगळ्याला पाणी लागतं. एरवी पाण्याचा कुणी विचारही करत नाही. त्या साली टँकरचं पाणी लोखंडापेक्षा महाग पडत होतं. हणमंतराव आकडे मांडत आणि खोडत. वरून निरोप आला होता, मंजूर झालंय त्यावर एक टँकरही मिळणार नाही.

वस्तीकडच्या कोपऱ्यापर्यंत काम आलं. माझ्या भोकात घोळ ओतत होते, तेव्हा चांगुणाबाई रिकामी घागर घेऊन उतरली.

"साहेब, भुईला पाजून राहिले तुम्ही, अन् माणसं कोरडी."

"मावशी, तुझं घर धरायलाच लागतंय हे पाणी."

"घर धरून काय करू? घरात घोटभर न्हाई. सून बाळंत हाय माझी, पंचशीला. दूध आटलंय तिचं."

शेषेराव मुकादम हसला. "मावशी, साहेबाला घागर नको दावू. लई मऊ काळजाचा हाय. उद्या आम्हाला सिमेंट कोरडंच फाकाया लावंल."

हणमंतराव हसले नाहीत. त्यांनी शेषेरावला चांगुणाबाईच्या घराखालच्या मातीवर पहार मारायला सांगितली. पहार खणकन वाजली.

"ही माती न्हाई साहेब, फत्तर हाय," शेषेराव म्हणाला. "इथं खिळे कशाला ठोकायचे?"

त्या दिवशी अंदाजपत्रकातून त्या घराखालची सळयांची रांग कमी झाली. तिच्या वाट्याचा टँकर वस्तीवर गेला. त्या रांगेसाठी आणलेल्या माझ्या बहिणी परत ट्रकमध्ये चढल्या. त्या बाजूची शेवटची सळई आता मी होते.

भिंत उभी राहिली, मोठे अधिकारी येऊन वाहवा करून गेले. पंचशीलेचं बाळ जगलं. वस्तीतल्या बायका हणमंतरावांना दुवा देत होत्या, आणि तो दुवा खोटा नव्हता.

पण काळी माती तहानेने आकसली की दगडासारखी वाजते, आणि पाणी प्याली की फुगते, मऊ होते, जड होते. हे इथल्या लेकरालाही ठाऊक असतं. त्या दुष्काळात मात्र सगळेच ते विसरले होते. पुन्हा पाऊस पडेल, हेच कुणाच्या मनात उरलं नव्हतं.

तो पडला. राहिलेला सगळा पाऊस एकदमच पडला. मातीचं ओझं सरकत माझ्यावर आलं. मी धरलं. माझ्या पलीकडे धरायला कुणी नव्हतं. भरदुपारी भिंतीला चीर गेली आणि काठ बसला. चांगुणाबाई सुनेला आणि नातवाला घेऊन दवाखान्यात गेली होती. निवृत्ती तापाने घरातच झोपला होता. घरासोबत तोही मातीखाली गेला.

पुढे चौकशी आली. याच भिंतीशी टेबल मांडलं होतं. चौकशीच्या साहेबांनी हणमंतरावांना विचारलं, "मंजूर पाणी गेलं कुठं?"

"बाई, तुमचा माणूस गेला," साहेब चांगुणाबाईला म्हणाले. "या इंजिनिअरने काम कमी केलं, असं लिहिलंय. अंगठा द्या."

चांगुणाबाई सुनेच्या कडेवरच्या नातवाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काम कमी केलं, हाव. पर पाणी त्यांनी इकलं न्हाई. आम्ही प्यालो. म्याच मागितलं. हे बी लिवा, मग देते अंगठा."

ते कुणी लिहिलं नाही. तिने अंगठा दिला नाही. हणमंतरावांची नोकरी गेली ती गेलीच.

पडलेल्या जागी आधाराला दगडी पुस्ता आला. मी राहिले. आता माझ्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडतात. भिंतीतून पाणी झिरपून जावं म्हणून ठेवलेल्या भोकांत लोक पुड्यांचे कागद कोंबतात. चांगुणाबाई होती तोवर दर मिरगाच्या आधी यायची, खराट्याची काडी घेऊन एकेक भोक मोकळं करायची. "जाऊ दे बाई, पाणी बाहेर जाऊ दे," असं मलाच सांगायची. ती गेल्यापासून काडी घेऊन कुणी येत नाही.

मित्रांनो, ती भोकं तेवढी मोकळी ठेवा. यंदा पुन्हा पाऊस लांबला आहे. माती आकसून वाजू लागली आहे. कुणीतरी पहार मारून म्हणेल, हा फत्तर आहे, इथं खिळे कशाला? त्याला हात धरून इथे आणा, आणि चांगुणाबाईचं घर कुठं होतं ते दाखवा.