मराठी विसरलास

मी झाशीतल्या एका मराठी घरातली जुनी पेटी आहे. बाहेर मला हार्मोनियम म्हणतात, कारण हिंदीत पेटी म्हणजे कपड्यांची ट्रंक. मित्रांनो, हा फरक लक्षात ठेवा.

सागवानी फळ्या आणि पितळी सूर जोडून मला घडवलं. कित्येक गणेशोत्सवांत मी आरत्यांना साथ केली, कौतुक ऐकलं. मग घरातली गाणारी माणसं गेली आणि मी धूळ खात पडले.

नवऱ्याने मनगट मोडल्यावर या घरची लेक अलकनंदा आपल्या लहानग्या मुलीला, ऋताला, घेऊन माहेरी आली. वाकडं जुळलेलं मनगट पट्ट्यांवर फिरेना. तेव्हा तिने कोपर टाकून दहा सूर एकदम दाबले. मी किंचाळले. ती म्हणाली, "हेच हवं होतं."

पुढे जवळच्या मोठ गावची, हिंदी बोलणारी मधु तिच्याबरोबर राहू लागली. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. पहिल्या दिवशी "पेटी आण गं," म्हटल्यावर मधुने ट्रंकच ओढत आणली. दोघी हसून लोळल्या. मग मधु ती ट्रंकच बडवू लागली. खाल्लेल्या माराचे आवाज त्या आमच्यातून काढत: लाथ, थप्पड, बाहेरून लागलेली कडी. मोठ्या झालेल्या ऋताने लक्ष्मी ताल या तलावाच्या काठी त्याची फिल्म केली. फिल्मच्या शेवटी दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहतात.

फिल्म लोकांना दाखवणार, हे अलकनंदाचा भाऊ संभाजी याला कळलं. "फिल्मचं कार्ड पेटीत ठेवलंय," हे तिचं फोनवरचं बोलणं त्याने दारातून ऐकलं. दुपारी तो हातोडा घेऊन आला.

"नाक कटवा दी तूने," म्हणत तो मला ओलांडून ट्रंकेकडे गेला. कुलूप फोडलं, साड्या फाडल्या. आडव्या आलेल्या अलकनंदाला त्याने ढकललं. ट्रंकेचा फाटका पत्रा तिच्या कपाळात घुसला. रक्त माझ्या पट्ट्यांवर उडालं. दारात गल्ली जमली होती. कोणी आत आलं नाही.

"भैया, बस करो," मधु त्याच्या दंडाला लटकली होती.

"पेटी में बोली थी ना? कहाँ है?"

अलकनंदा रक्तातूनच हसली. "दादा, मराठी विसरलास."

चौथ्या दिवशी ती वारली. संभाजी तुरुंगात आहे.

ऋताने माझ्या भात्याच्या घडीतून कार्ड काढलं. सदर बाजारातल्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. पडद्यावर मी किंचाळत होते. पहिल्या रांगेत मधुने खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता.

मित्रांनो, ऋता मला रोज पुसते, पट्ट्यांवरचा तो डाग सोडून. तुम्हीही जुनी वाद्यं जपा. पण माझं मागणं वेगळं आहे. त्या दुपारी मी तिथेच होते आणि मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.