राहिलेली लंगडी

गावात पहिला टीव्ही तोतारामच्या घरी आला, त्या वर्षाची ही गोष्ट. श्रावण लागला होता आणि आठवडाभर झड थांबली नव्हती. काळ्या रानात पाय घातला की गुडघ्यापर्यंत जायचा, म्हणून निंदणी बंद, कोळपणी बंद. मोठी माणसे ओसरीवर बसून तंबाखू चोळत होती. शाळेचे छप्पर गळत होते, म्हणून मास्तरांनी पोरांना सोडून दिले होते. भडगावची एसटी गावात शिरत नव्हती, फाट्यावरूनच माघारी वळायची.

पोरे गज खुपसायचा खेळ खेळत होती. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगते. हातभर लोखंडी गज, एक टोक दगडावर घासून अणकुचीदार केलेले. मारुतीच्या पारापासून सुरुवात करायची. गज ओल्या जमिनीत फेकून रोवायचा, उपटायचा, पुढे होऊन पुन्हा फेकायचा. तो उभा राहतो तोवर डाव आपला. आडवा पडला की ज्याच्यावर राज्य असेल त्याने त्या जागेपासून पारापर्यंत लंगडी घालत यायचे. बस, इतकेच. पण हा खेळ झडीतच खेळता येतो. एरवी आमची जमीन गजाला आत घेत नाही.

माझी नात कोकिळा तेव्हा बारा वर्षांची. गावातल्या कुठल्या पोराला तिच्यासारखा गज फेकता येत नव्हता. त्या दिवशी राज्य सुपडूवर होते. सुपडू माझ्या पुतण्याचा, तोतारामचा मुलगा. त्याच्या आधीची लेकरे वाचली नाहीत, म्हणून याला जन्मल्याबरोबर सुपात घातले आणि नावही त्यावरूनच ठेवले. त्याचा पाय चिखलाला लागू नये म्हणून त्याची आई मंजुळा त्याला मोठा झाला तरी काखेत घेऊन अंगण ओलांडायची.

मी पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि पोरांमागे निघाले. घरात बसून करायचे काय? कोकिळेचा गज पारापासून विहिरीपर्यंत गेला, विहिरीपासून गाडीरस्त्याने नाल्यापर्यंत, नाला ओलांडून पुढे. पडेचना. पोरे फेकी मोजायचे सोडून नुसती आरोळ्या देत होती. शेवटी फाट्यावर सडकेचा मुरूम लागला तेव्हा कुठे तो आडवा झाला.

सुपडूने गावाकडे पाहिले, मग सडकेकडे पाहिले.

"अक्का," तो मला म्हणाला, "आते मी भडगावच जास. ते जवळ पडी."

सगळे हसलो. मग त्याने चड्डी वर ओढली आणि लंगडी सुरू केली. दर चार उड्यांना पडत होता. तोंड चिखलाने भरले, तरी दात काढून हसत होता. कोकिळेने त्याला पाय बदलू दिला. मागे पंचवीसएक पोरे टाळ्या पिटत, आणि त्यांच्यामागे मी. त्या पोराला इतके हसताना मी आधी कधी पाहिले नव्हते. माझ्याही बरगड्या दुखायला लागल्या.

नाल्यापाशी भडगावकडून तोतारामची मोटारसायकल आली. त्याने ओरडा केला नाही. मुलाला दंडाला धरून उचलले आणि टाकीवर बसवले. कोकिळेच्या हातातला गज काढून घेतला आणि नाल्यात फेकला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकू, तू बी?" आणि निघून गेला.

दुपार कलायच्या आत तो आमच्या ओसरीपुढे उभा होता. पोरगी एवढी घोडी झाली, पोटऱ्या उघड्या टाकून पोरांत फिरते. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक आहे, लोक त्याच्या मुलाला लंगड्या म्हणतील, असे बरेच बोलला. शेवटी म्हणाला, "बठ्ठा गावमां मन्हा पोऱ्याले नाचाडं तिनी. आते ती बाहेर दिसाले नको."

माझा मुलगा रुपचंद, कोकिळेचा बाप, तोतारामच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "बरं भाऊ."

एवढेच. अंगावर आलेल्या कुत्र्यालाही माणूस हाड म्हणतो. हा म्हणाला, बरं भाऊ. तोताराम वळायच्या आत याने कोकिळेला घरात घातले, बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून तंबाखूची चंची उघडली. सून कमल आत चुलीपाशी होती, तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दाराआडून कोकिळेने विचारले, "मन्हं काय चुकनं?"

रुपचंद तंबाखूला चुना लावत राहिला.

"मी हारी जाती, ते चालतं का?"

उत्तर माझ्याकडे होते, पण ते मी ओसरीवर बोलून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशीही कडी तशीच. बाहेर पाऊस, पारावर पोरांचा गलका, आणि घरात ती पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. जेवली नाही. मी रुपचंदला उठ म्हणाले. तो म्हणाला, "माय, तुले नही समजत. ट्रॅक्टर त्याना शे." मला सगळे समजत होते. मला इतका राग आला होता की खोळसुद्धा डोक्यावर नीट बसेना. ती टाकून दिली आणि तशीच भिजत तोतारामच्या घरी गेले.

त्याच्या ओट्यावर पाच-सहा माणसे बसली होती, छगन होता, भिकन होता. मी ओट्यावर चढले नाही. खालूनच म्हणाले की सुपडूची नाल्यापासून पारापर्यंतची लंगडी राहिली आहे, त्याला पाठव.

तोताराम हसला. "काकू, पोरखेळ शे तो."

"पोरखेळ शे, मग मन्हा दारवर काबर उना?"

ओट्यावरची माणसे जमिनीकडे पाहायला लागली. तोतारामने मला घरी जायला सांगितले, सरळ, गडीमाणसाला सांगावे तसे. मी लुगड्याचा घोळ कमरेत खोचला. म्हणाले, ठीक आहे, पोऱ्या येत नाही तर त्याच्या घराण्यातले कोणीतरी घालेल. मी तुझ्या बापाची भावजय आहे. आणि त्याच्या दारातून लंगडी सुरू केली.

साठीच्या बाईने लंगडी कशी घालायची? दोन उड्या, भिंतीचा आधार, पुन्हा एक. पण तोंड चालत होते. प्रत्येक उडीला सांगत होते, ही सुपडूची, ही सुपडूची. पारावरची पोरे धावत आली. बायका दारात आल्या.

छगन ओट्यावरून म्हणाला, "भाऊ, म्हतारीनं हाड मोडनं ते निवडणूक तीच जिंकी."

विहिरीच्या अलीकडे मी पडले. चिखलात सपशेल. पोरे हसली, त्यांचे मला काही वाटले नाही, बरेच वाटले. तोताराम ओट्यावरून उतरला. धोतर वर धरून चिखलातून आला आणि हात पुढे केला. मी तो धरला नाही.

"काय पाहिजे तुले?" तो दात आवळून म्हणाला.

मी त्याला सांगितले की माझ्या घरी चल आणि जे काल रुपचंदला बोललास ते परत घे. तो आला. माझ्यासाठी नाही, लोक पाहत होते म्हणून. आमच्या ओसरीसमोर उभा राहून, पावसाकडे पाहत म्हणाला, "पोरगीले खेळू दे. मन्हं काही म्हननं नही." आणि गेला.

रुपचंद असा उठला की चंची खाली सांडली. कडी काढली. तो हसत होता. "भाऊ म्हनस ना, मग जाय वं कोके, जाय," असे तिला म्हणत होता, जणू ती परवानगी त्यानेच कुठून मिळवून आणली होती.

कोकिळा बाहेर आली. बापाकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. सरळ पावसात पळाली.

मग मला जो राग आला तितका तोतारामवरही आला नव्हता. मी खांब धरून उभी राहिले. रुपचंद म्हणाला, "आते कसाना राग, माय? व्हयनं ना तुन्हा मनसारखं."

"पोर तुन्ही," मी म्हणाले, "दार तुन्हं. आनी कडी त्याना हातमां."

तो तंबाखू गोळा करत राहिला. कमल चुलीपासून उठून दारात आली होती. तिने मला कोरडे लुगडे दिले. मी ते घेतले नाही. चिखलाच्या लुगड्यातच पाराकडे गेले आणि दिवस मावळेपर्यंत पोरांत बसले. श्रावणातली कानबाई देवी घरी बसली आणि उठली तोपर्यंत मी रुपचंदशी बोलले नाही. भाऊबंदांनी एकत्र बसून खायच्या, देवीच्या रोटाच्या जेवणाला तोताराम आम्हाला बोलवायला आला नाही, आणि सुपडूची ती लंगडी राहिली ती राहिलीच.