एकवीस दिवस मुरलेला श्वास

दत्ताकाकांनी पहिली बाटली टॉर्चसमोर धरली आणि तळघरात जमलेली बावीस माणसं माना उंचावून बघू लागली. बाटलीतलं वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड तीन आठवड्यांपूर्वी पाण्यासारखं होतं. आता ते कोऱ्या चहाइतकं काळपट झालं होतं.

"सिद्ध!" काका गरजले. "अपूर्वाचा श्वास सिद्ध झाला!"

टाळ्या पडल्या. जर्मनीतल्या आखनमधल्या एका जुन्या इमारतीचं हे केलर, म्हणजे तळघर. जाळीची दारं, भाडेकरूंच्या सायकली, ओल धरलेल्या भिंती. दिवा दोन मिनिटांनी आपोआप विझतो आणि कोणाला तरी उठून बटण दाबावं लागतं. रविवारची दुपार होती, पण खाली उजेडाचा मागमूस नव्हता. जमलेल्यांत बहुतेक इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, चारजण पीएचडीवाले. त्या चौघांतली एक मी, मैथिली. रसायनशास्त्र हा माझा विषय.

वेपचं लिक्विड मुरवलं की चव सुधारते, हे ओढणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. काकांनी त्यात पदरची भर घातली होती. ते प्रत्येकाला भरलेली बाटली घरी देत. सकाळी तोंड न धुता तिच्यात अकरा श्वास फुंकायचे, लाल दोरा बांधून ती परत आणायची. मग काका एकवीस दिवस अंधारात तिच्यावर जप करणार.

"आल्झो, बाटली म्हणजे तुमचं फुप्फुस! प्राणाची फ्रीक्वेन्सी लागली की रंग चढतो. गेनाऊ!" जर्मनमधलं 'तर' आणि 'अगदी बरोबर' मध्येच पेरत काका म्हणत, आणि भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करणारी माणसं माना डोलवत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काळी झालेली बाटली ओढली की रोग जाणार. पांढरी, म्हणजे पाण्यासारखीच राहिली, तर श्वासात शंका आहे.

गेल्या खेपेला सिद्धेशची पांढरी राहिली होती. सिद्धेश माझा मामेभाऊ, माझ्या शेजारच्या खोलीत राहतो; आत्ता तो मागे जाळीपाशी उभा होता. त्याला लहानपणापासून दमा. त्याने काकांना एवढंच विचारलं होतं, "आधी डॉक्टरांशी बोलू का?" त्यानंतर बाटली पांढरी निघाली आणि काकांनी निदान केलं, की इन्हेलर प्राण अडवतोय. नऊ दिवसांपूर्वी सिद्धेशने इन्हेलर काकांच्या लाकडी पेटीत टाकला. तेव्हापासून त्याच्या छातीची शिट्टी मला भिंतीपलीकडून ऐकू येत होती. मी भांडले, रडलेसुद्धा. "पुरावा आण, मग बोल," तो म्हणाला. पुरावा माझ्या कपाटात तयार होत होता. पण अर्धवट नेला तर काका उडवून लावतील, म्हणून मी एकवीस दिवस भरायची वाट पाहत बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

"मैथिली!" काकांनी माझी बाटली उचलली. काळीभोर होती. "बघा, किती निर्मळ श्वास आहे पोरीचा!"

"काका, त्यात माझा श्वासच नाही," मी म्हणाले. "सायकलच्या पंपाने हवा भरलीय."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"प्राणाची चेष्टा करतेस?" काकांचा आवाज एकदम खाली आला. त्या आवाजाची मला भीती वाटली.

मी पिशवीतून दोन छोट्या बरण्या काढल्या. "तुम्ही दिलेल्या बाटल्यांतून थोडं थोडं काढून ठेवलं होतं. हे माझं, हे सिद्धेशचं. मोज्यांच्या खणात होतं. फुंकर नाही, जप नाही. तरी माझं काळं, त्याचं पांढरं. परवा तपासून घेतलं. माझ्या बाटलीत निकोटिन आहे आणि व्हॅनिला. दोन्ही हवेने आपोआप काळवंडतात. उग्र वास उडून जातो, चवी एकमेकींत मिसळतात, झालं मुरणं! लोणचं मुरताना बरणीपुढे कोण जप करतं? सिद्धेशच्या बाटलीत यातलं काहीच नाही, ती जन्मात काळी होणार नाही. जो प्रश्न विचारतो, त्याला काका अशी बाटली देतात."

तेवढ्यात दिवा विझला. अंधारात शिट्टी ऐकू आली, बारीक आणि लांब. कोणीतरी बटण दाबलं. सिद्धेश जाळीला टेकून खाली घसरला होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते.

"हात लावू नका!" काका ओरडले. "मळ निघतोय!"

आणि खरंच कोणी हललं नाही. एवढी शिकलेली माणसं, आणि एकही जण हलला नाही. आयुष्यात इतकी मी कधी घाबरले नव्हते.

मी काकांच्या पायाशी ठेवलेली ती लाकडी पेटी उचलून फरशीवर आदळली. झाकण तुटलं. आत एक इन्हेलर नव्हता, पाच होते. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, थायरॉइडच्या होत्या, फिट्सच्या होत्या. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव. सिद्धेशचा शोधून मी त्याच्या तोंडाला लावला. एकदा. पुन्हा. शिट्टी हळूहळू मोठी झाली, म्हणजे हवा आत जायला लागली. अपूर्वाने ११२ लावला. काका जिना चढून निघून गेले आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

मग एकेकजण वाकून आपलं औषध उचलू लागला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फिट्सच्या गोळ्या तेवढ्या तशाच पडून राहिल्या. त्यांच्यावर ऊर्जाचं नाव होतं आणि ती समोरच उभी होती.

"काका म्हणाले होते, पुढच्या वेळी माझी काळी होईल," ती पुटपुटली.

सिद्धेशला सलग बोलता येत नव्हतं. त्याने गोळ्यांचं पाकीट उचलून तिच्यापुढे धरलं. "ऊर्जा... आधी... हे घे."

तिने घेतलं.

सिद्धेश चार दिवसांनी इस्पितळातून घरी आला. काकांनी दुसऱ्या गावात तळघर शोधलंय, असं कानावर येतं, म्हणून हे लिहिते आहे. बाटलीला तुमचा श्वास कळत नाही. तिला लागते नुसती हवा, मग ती सायकलच्या पंपाची का असेना. श्वासाचं डॉक्टरला विचारा. दमेकऱ्याने ही वाफ ओढूच नये, हे तो पहिल्याच भेटीत सांगेल. आणि कोणी तुमचं औषध काढून मागितलं, तर माझ्यासारखे पुराव्याचे दिवस मोजत बसू नका. औषध देऊ नका, आणि शेजारच्यालाही देऊ देऊ नका.