लांबलेला ‘कॅ’

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि आत्ता दारात बसून माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. कॅब यायची आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट उच्चार शिकवणाऱ्या सरांच्या खोलीत आलो. सर रोज मऊ फडक्याने माझं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज टिपणारा भाग, पुसत. स्वभाव माझा पहिल्यापासून उतावळा. चाकं फिरली नाहीत की चैन पडत नाही.

एकदा टॅक्सी कंपनीतली फोनवाली ताई रडवेली होऊन आली. तिची मायबोली कोरियन. ती इंग्रजीत ‘कॅब’ म्हणायची आणि गिऱ्हाइकांना ‘कॅप’ ऐकू यायचं.

“लोक विचारतात, टोपी कशाला पाठवता? सोमवारी साहेब परीक्षा घेणार, सर. नापास झाले तर फोन सुटला, गाड्या धुवायच्या.”

सर तिच्याकडून शेवटचा ‘ब’ घोटून घेत बसले. ती ओठ दाबून दाबून थकली. घोडं भलतीकडेच पेंड खातंय, हे मला कळत होतं. पण मला भरलेलं तेवढंच बोलता येतं ना!

शेवटी वैतागून सरांनी स्वतःचा ‘कॅब’ माझ्यात भरला आणि टेपवरचा ‘ब’ ब्लेडने कापून टाकला. ब्लेड पाहून माझी पाचावर धारण बसली. उरलेली टेप वाजली, “कॅऽ”.

आतून सरांच्या आई म्हणाल्या, “कॅब कशाला? कुठे निघालास?”

सर हसले. “ताई, ‘ब’ गेला तरी आईला कॅबच ऐकू आली. मऊ ‘ब’आधी स्वर लांबतो, कडक ‘प’आधी आखडतो. तुमच्या भाषेत?”

“आगा म्हणजे बाळ. आक्का म्हणजे मघाशी.”

मला वाटलं, थोरल्या बहिणीला हाक मारतेय! सरांनी दोन्ही शब्द माझ्यात भरून निम्म्या वेगाने वाजवले. ‘ग’आधीचा ‘आ’ ऐसपैस, ‘क्क’आधीचा आखूड.

“म्हणजे हे मला येतंच की,” ती म्हणाली.

“इंग्रजीत अजून थोडं ताणा.”

ती पास झाली.

पुढे नवं यंत्र आलं आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मघाशी त्यांनी टॅक्सी कंपनीला फोन लावला, तेव्हा सगळं माझ्याही कानी आलं.

“भंगारवाल्याकडे जायचंय,” सर म्हणाले. “जुना टेप टाकायचाय.”

 पलीकडून त्याच ताईचा आवाज आला.

“कॅऽब पाठवते, सर. पण त्याला माझ्या घरी येऊ द्या. आमचा आगा आता बोलू लागेल.”

तर मित्रांनो, बोलताना घाई करू नका, आणि जुनी वस्तू टाकतानाही करू नका. सांगतोय कोण, तर ज्याला स्वतःलाच दम निघत नाही तो! हॉर्न वाजला वाटतं. कुणीतरी तेवढी माझ्या हेडवरची धूळ पुसा. बाळाचा पहिला ‘आ’ मला पुरता भरून घ्यायचाय.